नदीकाठच्या नोंदी: कचऱ्यापासून पाइपापर्यंत

आपल्या भागातल्या नदीवर असंच सफाईचं काम ज्यांना सुरू करायचं असेल त्यांना उपयोगी पडाव्यात म्हणून या नोंदी. नदी लहान आहे, वस्तीतून वाहते, पावसाळा सोडला तर बहुतेक ठिकाणी गुडघाभर पाणी. काम करणारे सगळे शेजारपाजारचे, नोकरी-घर सांभाळून येणारे. जे सुरळीत झालं त्यावर फार लिहिलेलं नाही. जिथे वेळ गेला, ते सविस्तर लिहिलं आहे.

९ नोव्हेंबर

पाहणी. अख्खी नदी हातात घ्यायची नाही हे आधीच ठरलं होतं. दोन पुलांमधला तुकडा निवडला. दोन्ही टोकांना रस्ता आहे, गाडी काठाजवळ येते आणि न घसरता खाली उतरता येईल अशा वाटा आहेत. नदीचा तुकडा निवडताना घाण कुठे जास्त आहे यापेक्षा माणूस आणि पोतं वर कसं येणार, हे आधी बघावं.

दोन्ही काठांनी चालून नकाशा केला. कचरा साचायच्या जागा, उतरायच्या वाटा, खोल डोह, नदीत उघडणारे पाइप. उजवा काठ कुठला आणि डावा कुठला यावरून पहिल्याच तासात गोंधळ झाला. रीत अशी, की तोंड प्रवाहाच्या दिशेला करायचं. उजव्या हाताला तो उजवा काठ. पाइपांना वरच्या पुलापासून क्रमांक दिले आणि प्रत्येकाचा फोटो काढून ठेवला. फोटो काढून झाल्यावर पाइपांकडे बरेच महिने कुणी बघितलं नाही.

१६ नोव्हेंबर

पहिली सफाई. माणसं अपेक्षेपेक्षा जास्त आली, अवजारं कमी पडली.

काळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या अजिबात चालल्या नाहीत. नदीतला कचरा ओला असतो, त्यात चिखल, चिंध्या, काचा. पिशवी अर्धी भरली की बूड फाटतं आणि सगळं परत पायाशी. पातळ हातमोजेही तासाभरात फाटले. गाळात रुतलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या हाताने ओढल्या की तुटतात आणि अर्धी पिशवी आतच राहते. लांब दांड्याचं दाताळं खालून घालून उचललं तर अख्खी निघते. जुनी साडी किंवा चादर अडकली असेल तर ओढाओढी न करता विळ्याने कापून तुकड्यांनी काढावी. ओल्या कापडात भरलेला गाळ चार माणसांनाही हलत नाही.

काठावर कचऱ्याचे मोठे ढीग झाले. फोटो छान आले. ट्रक येणार होता, तो आला नाही.

२० नोव्हेंबर

रात्री पाऊस झाला. सकाळी जाऊन पाहिलं तर खालच्या काठावरचे ढीग पाण्याने नेले होते. इतक्या जणांनी पाठ मोडून काढलेलं जवळजवळ सगळं पुढच्या वळणावर जाऊन बसलं होतं.

ट्रकचं बोलणं तोंडी झालं होतं, ज्यांच्याशी झालं ते त्या दिवशी सुट्टीवर. त्यानंतरचा आमचा नियम: कचरा उचलण्याची लेखी तारीख आणि गाडीवाल्याचा फोन नंबर हातात आल्याशिवाय सफाईची हाक द्यायची नाही. आणि पुराची जुनी खूण जिथे दिसते, म्हणजे झाडाच्या फांद्यांत चिंध्या अडकलेल्या असतात ती पातळी, तिच्या वर पोती ठेवायची. खाली काहीही ठेवायचं नाही, दुपारपुरतंसुद्धा नाही.

३० नोव्हेंबर

यावेळी नायलॉनची विणलेली पोती आणली. पाणी गळून जातं, फाटत नाहीत, रिकामी करून धुतली की पुन्हा वापरता येतात. पोतं अर्धंच भरायचं. पूर्ण भरलेलं पोतं दोघांनाही चढावरून नेता येत नाही, आणि कंबर धरलेला माणूस पुढच्या वेळी येत नाही. खर्चाचं सांगायचं तर सगळ्यात मोठा वाटा जाड रबरी हातमोज्यांचा आणि गमबुटांचा आहे. त्यात काटकसर करू नये.

सुरक्षेचे जे नियम आता पाठ झाले आहेत ते इथे देते. गुडघ्यापेक्षा खोल पाण्यात कुणी उतरायचं नाही. वाहत्या पाण्यात पाय दगडांत अडकला आणि माणूस पडला तर गुडघाभर पाणीही जिवावर बेतू शकतं, म्हणून एकट्याने कधीही नाही. प्रत्येक जोडीतला एक जण काठावर उभा. इंजेक्शनच्या सुया सापडतात. सुईला टोपण परत बसवायचं नाही, चिमट्याने उचलून जाड प्लॅस्टिकच्या बरणीत टाकायची आणि ती बरणी वेगळी द्यायची. अंगावर जखम असेल तर त्या दिवशी पाण्यापासून दूरचं काम घ्यायचं.

लेप्टोस्पायरोसिसबद्दल प्रत्येक नव्या माणसाला सांगतो. उंदरांच्या लघवीतून हे जंतू पाण्यात आणि चिखलात येतात आणि कातडीवरच्या बारीक ओरखड्यातून शरीरात शिरतात. ताप साधारण ५ ते १४ दिवसांनी येतो, कधी महिनाभरानेही. तोवर नदीवर गेलो होतो हे माणूस विसरलेला असतो. म्हणून महिनाभरात ताप, अंगदुखी, डोळे लाल असं काही झालं तर डॉक्टरांना आपणहून सांगायचं: ‘मी नदीत उतरलो होतो.’ हे वाक्य आम्ही हजेरीच्या कागदावर छापून घेतलं आहे.

७ डिसेंबर

किती कचरा काढला हे किलोत सांगायचं बंद केलं. ओल्या चिंध्या आणि गाळ यांचं वजन इतकं असतं की आकडा मोठा दिसतो आणि त्यातून कळत काहीच नाही. आता नग मोजतो. काठाची १०० मीटर लांबी दोरीने आखली, त्यातली प्रत्येक वस्तू प्रकाराप्रमाणे कागदावर खुणेने मांडली. समुद्रकिनाऱ्यांवरचा कचरा मोजताना १०० मीटरची पट्टी वापरायची पद्धत रुळलेली आहे, तीच घेतली. मोजून सफाई करण्याची कल्पनाही जुनी आहे: १९८६ साली टेक्सासच्या किनाऱ्यावर लिंडा मॅरानिस आणि कॅथी ओ’हारा यांनी स्वयंसेवकांच्या हातात पिशवीबरोबर नोंदपत्रक दिलं, आणि त्यातून पुढे जगभरची वार्षिक किनारा सफाई उभी राहिली.

मोजायला लोक कंटाळतात. दोघांची जोडी केली, एक उचलतो आणि मोठ्याने नाव घेतो, दुसरा खूण करतो, तेव्हा वेग आला. बोटं चिखलाने भरलेली असताना पेन धरता येत नाही हे साधं कारण होतं.

पत्रक संध्याकाळी घरी नीट लिहून काढलं तेव्हा एक गोष्ट खटकली. पुलाखाली वेफरची पाकिटं, बाटल्या, पूजेचं साहित्य भरलेल्या पिशव्या. हा वरून टाकलेला कचरा, त्यात नवल नाही. पण चार नंबरच्या पाइपाखालच्या झुडपांत सॅनिटरी पॅड, ओले वाइप्स, कान कोरायच्या काड्यांचे दांडे होते. हे पुलावरून कुणी फेकत नाही, हे संडासातून येतं. आणि चार नंबरचा पाइप कागदोपत्री पावसाच्या पाण्याचा आहे.

तेव्हा ही नोंद लिहून ठेवली आणि पुढच्या सफाईच्या तयारीला लागलो. तिथेच थांबून पाइपामागे गेलो असतो तर बरेच महिने वाचले असते.

२१ डिसेंबर

पात्रात पडलेल्या ओंडक्यांवरून वाद झाला. काहींना सगळं ‘स्वच्छ’ हवं होतं. ओंडका, पडलेली फांदी, पाण्यात लोंबणारी मुळं ही नदीची आहेत. त्यांच्यामागे पाणी संथ होतं, लहान मासे थांबतात, किडे अंडी घालतात. ओंडका पुलाच्या कमानीत अडकून पाणी तुंबवत असेल तरच काढायचा. त्याला गुंतलेलं प्लॅस्टिक कापून काढायचं आणि लाकूड तिथेच ठेवायचं. काठावरचं गवतही कापायचं नाही; मातीला तेच धरून आहे.

११ जानेवारी

तरंगता अडसर बसवला. बंद तोंडाचे प्लॅस्टिकचे पाइप दोराने जोडून आडवी साखळी, खाली वीतभर जाळी. कचरा एकाच जागी अडवला की रोज नदीभर फिरावं लागणार नाही हा विचार.

साखळी या काठापासून त्या काठापर्यंत सरळ काटकोनात बांधली होती. दुसऱ्याच दिवशी ती मध्यात धनुष्यासारखी ताणली गेली, कचरा मधोमध जमला, तिथे हात पोचेना, आणि जमलेला ढीग जाळीखालून निसटायला लागला. आठवड्याच्या आत डाव्या काठाचा खुंट उपटला.

१ फेब्रुवारी

अडसर पुन्हा. यावेळी आधी प्रवाहाचा वेग मोजला: काठावर १० मीटर आखून घेतले, वाळकी काडी सोडली, सेकंद मोजले. २० सेकंद म्हणजे सेकंदाला अर्धा मीटर. सगळ्यात संथ जागा वळणाच्या आतल्या बाजूला मिळाली, तिथे अडसर हलवला. वेग दुप्पट झाला की पाण्याचा जोर चौपट होतो, त्यामुळे जागा बदलण्याने जे साधलं ते जाड दोराने साधलं नसतं.

दुसरा बदल, साखळी तिरकी. वरचं टोक समोरच्या काठाला, खालचं टोक आपण उभे राहू शकतो त्या काठाला. मग पाणीच कचरा सरकवत कोपऱ्यात आणून देतं आणि काठावरून दाताळ्याने काढता येतो. तिसरा बदल, खुंटाला दोर घट्ट न बांधता उभ्या लोखंडी नळीवर कडं अडकवलं. पाणी चढलं की कडं वर सरकतं.

अडसर लावणाऱ्यांना दोन गोष्टी. तो रिकामा करायची पाळी लावूनच बांधा, नाहीतर चार दिवसांत तिथे सडका तराफा होतो. आणि अर्धवट बुडून वाहणाऱ्या पिशव्या खालून जातातच. अडसर फक्त तरंगणाऱ्या कचऱ्यासाठी आहे.

१५ फेब्रुवारी

जलपर्णी. खालच्या पुलाजवळ पाणी दिसेनासं झालं होतं. दोर टाकून ओढून काढली. उपसलेली जलपर्णी नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असते, त्यामुळे ओली वाहून नेणं म्हणजे पाणी वाहून नेणं. काठापासून लांब, उंचावर पातळ पसरून वाळवली, मग उचलली. काठालगत टाकली तर एका धावत्या फुटव्यावरून परत पाण्यात उतरते.

८ मार्च

तीन आठवड्यांत जलपर्णी परत आली. अनुकूल हवामानात ती साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते, आणि गाळात पडलेलं बी वर्षानुवर्षं रुजायची ताकद टिकवून असतं. आम्ही खालून वर असं काम केलं होतं. वरच्या अंगाला राहिलेले तुकडे वाहत खाली आले. वरून खाली काम करायचं आणि जिथवर झालं तिथे दोर आडवा लावून ठेवायचा.

पण खरा प्रश्न दुसराच होता. आमच्यातल्या एक निवृत्त शिक्षिका, ज्यांना सगळे बाई म्हणतात, त्यांनी काठावर बसून विचारलं, ‘अरे, पण हिला इतकं खायला घालतंय कोण?’ जलपर्णी वाढते ती नायट्रोजन-फॉस्फरसवर, आणि ते येतं सांडपाण्यातून. डिसेंबरचं पत्रक परत काढलं. चार नंबरचा पाइप.

इथे गटात दोन तट पडले. काहींचं म्हणणं, आपण सफाई करणारे लोक, पाइप हे सरकारचं काम. मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. लंडनची थेम्स १९५७ साली जीवशास्त्रीयदृष्ट्या मृत ठरवली गेली होती. ती पुन्हा जिवंत झाली ती मुख्यतः मैलाशुद्धीकरण केंद्रं सुधारल्याने. १९७४ साली तिच्यात सामन मासा सापडला. काठावरच्या बाटल्या उचलून ते झालं नसतं. बाटल्या उचलायच्याच, त्याने माणसं जोडली जातात, काठावर येणं-जाणं वाढतं. पण नदी मरते ती बहुधा न दिसणाऱ्या घाणीने.

१५ मार्च

पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायची पेटी आणली. थेंब टाकून रंग बदलेपर्यंत मोजायचं. मूळ पद्धत लायोश विंकलर यांची, १८८८ सालची. दुपारी तीनला खालच्या पुलाशी आकडा आला लिटरला ११ मिलिग्रॅम. सगळे खूश झाले.

बाईंनी तक्ता उघडला. २५ अंश तापमानाला पाण्यात हवेतून जास्तीत जास्त साधारण ८.३ मिलिग्रॅमच ऑक्सिजन विरघळतो, मग ११ कुठून आला? हिरव्या शेवाळातून. उन्हात शेवाळ ऑक्सिजन सोडतं, आणि रात्री तेच शेवाळ आणि तळाचा सडका गाळ मिळून तो ओढून घेतात.

१६ मार्च

उजाडायच्या आत त्याच जागी मोजलं. २ मिलिग्रॅम. साधारण ५ च्या खाली बऱ्याच माशांना त्रास सुरू होतो, २ ला फार थोडे तग धरतात. तेव्हापासून ऑक्सिजन नेहमी सूर्योदयाआधी मोजतो, आणि नोंदीत वेळ आणि पाण्याचं तापमान लिहिल्याशिवाय आकडा मान्य करत नाही. दुपारचा एकटा आकडा कुणी दाखवला तर त्यावर विश्वास ठेवू नका.

जंतूंच्या तपासणीसाठी नमुनाही पाठवला होता, तो प्रयोगशाळेने परत केला. बर्फात ठेवून सहा तासांच्या आत पोचवायला हवा होता, आमचा दुसऱ्या दिवशी पोचला. त्याचे पैसे आणि सकाळ दोन्ही वाया.

२९ मार्च

कोरड्या दिवसांतली पाइप-फेरी. नियम सोपा आहे: तीन दिवस पाऊस झालेला नाही आणि तरीही पावसाळी पाइपातून पाणी वाहतंय, तर ते पावसाचं नाही. झरा असू शकतो, फुटलेली पाण्याची लाइन असू शकते, किंवा सांडपाणी.

सगळे पाइप पाहिले. बहुतेक कोरडे, चार आणि सात वाहते. चारच्या तोंडाशी करडा बुळबुळीत थर आणि साबणाचा वास. सातचं पाणी स्वच्छ दिसत होतं.

प्रवाह मोजायला दहा लिटरची बादली आणि घड्याळ पुरतं. सकाळी साडेसातला चार नंबरखाली बादली २५ सेकंदांत भरली. याच गतीने वाहत राहिलं तर दिवसाला साधारण ३४,५०० लिटर. पण दुपारी दोनला गेलो तर नुसते थेंब. हा फरक महत्त्वाचा ठरला.

५ एप्रिल

तक्रार आधी एकदा केली होती, ‘पाइपातून घाण पाणी येते’ एवढीच. उत्तर आलं, पाहणी केली, काही आढळलं नाही. त्या वेळी राग आला होता. आता कळतं, पाहणीला आलेला माणूस दुपारी आला असणार, आणि दुपारी खरंच काही आढळत नाही.

पुरावा कसा जमवायचा यावर बराच वेळ गेला. कपड्यांच्या साबण-पावडरीत कापड पांढरंशुभ्र दिसावं म्हणून चकाकी आणणारी द्रव्यं घालतात. ती कापसाला चिकटतात आणि अतिनील दिव्याखाली निळी-पांढरी चमकतात. पाइपाच्या तोंडाशी कापसाची गादी बांधून ठेवायची, काही दिवसांनी काढून अंधारात बघायची. चमकली तर धुण्याचं पाणी येतंय. उपकरण म्हटलं तर एक हातदिवा, ३६५ नॅनोमीटरचा.

पहिल्या सगळ्या गाद्या बाद झाल्या. बाजारातला पांढरा कापूस आणि पांढरा दोरा पाण्यात न घालताच चमकत होता! न ब्लीच केलेला, पिवळसर कापूस शोधायला आठवडा गेला. वापरण्याआधी प्रत्येक गादी दिव्याखाली बघून घ्यायची.

१२ एप्रिल

गाद्या बांधल्या. मोठ्या भोकांच्या प्लॅस्टिक जाळीची पुरचुंडी, आत गादी, मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याने पाइपाच्या कडेला बांधलेली, जाळी पाण्यात पण तळाला न टेकणारी. तळाला टेकली की गाळाने भरते. हात लावताना नवे रबरी हातमोजे. आपल्या धुतलेल्या शर्टाच्या बाहीला पुसलेली गादीही चमकते. चार, सात, आणि तुलनेसाठी एक गादी वरच्या पुलाच्याही वर, जिथे पाइप नाही तिथे.

१८ एप्रिल

गाद्या काढल्या, नदीच्याच पाण्यात हलक्या खळबळल्या, अंधाऱ्या खोलीत वाळवल्या. उन्हात वाळवायच्या नाहीत, उन्हाने ती द्रव्यं मोडतात.

रात्री बाईंच्या स्वयंपाकघरात दिवे घालवून टॉर्च लावला. वरच्या पुलाची गादी मळकट तपकिरी, काही नाही. सातची तशीच. चारची गादी कडेपासून मधापर्यंत एकसारखी निळसर उजळली, जाळीच्या चौकटींचे ठसेसुद्धा दिसत होते. मधे काही तुटक ठिपके जास्त तेजाळ होते. ते कागदाचे धागे, कागदातही हीच द्रव्यं असतात. ठिपके दिसले तर फसू नये, एकसारखा पसरलेला उजेड हवा. तिन्ही गाद्या शेजारी शेजारी ठेवून एकाच फोटोत घेतल्या.

२१ एप्रिल

नवी तक्रार. पाइपाचा क्रमांक आणि नकाशावरची जागा, शेवटचा पाऊस कधी झाला, बादलीची मोजणी सकाळची आणि दुपारची, गाद्यांचा फोटो, झुडपातल्या पॅडचा फोटो. शेवटी एक ओळ: ‘कृपया पाहणी सकाळी ७ ते ९ या वेळेत करावी.’ सगळं एका पानात.

३० एप्रिल

सकाळी पावणेआठला कनिष्ठ अभियंता आले, पाणी वाहताना पाहिलं. त्यांनीच चेंबरची झाकणं एकामागून एक उघडून घेतली. नदीकडून वर जात राहायचं, जिथे चेंबर कोरडा लागेल तिथे थांबायचं. घाण त्या कोरड्या आणि त्याच्या खालच्या ओल्या चेंबरच्या मधल्या टप्प्यात मिळते आहे. तीन इमारतींपुरता प्रश्न उरला. झाकणाला आमच्यापैकी कुणी हात लावला नाही. चेंबरमधल्या वायूने माणसं मरतात, आत वाकून बघणंही धोक्याचं.

१० मे

रंग सोडून तपासणी, अभियंत्यांच्या देखरेखीखाली. न्हाणीघरात हिरवा चमकता रंग ओतायचा, खाली पाइपाशी माणूस उभा. इमारतीतल्या लोकांना आदल्या दिवशी घरोघरी जाऊन सांगितलं. न सांगता नदी हिरवी झाली तर लोक घाबरतात, आणि आपल्यावर आळ आल्यासारखं वाटून दारं बंद होतात.

दोन इमारतींत काही निघालं नाही. तिसऱ्या इमारतीच्या मागच्या वाढीव भागात रंग ओतला आणि थोड्याच वेळात खालून हाक आली, ‘आला, आला!’ चार मजल्यांची न्हाणीघरं, संडास आणि धुण्याची यंत्रं पावसाळी लाइनला जोडलेली. नळकाम करणाऱ्या काकांनी बघून सांगितलं, ‘ताई, ड्रेनेज लाइन इमारतीच्या पुढे आहे, ही मागे होती. जवळची दिसली, जोडून टाकली.’ तिथे राहणाऱ्यांना याचा पत्ताच नव्हता. एक आजोबा म्हणाले, ‘आम्ही तर दर महिन्याला ड्रेनेजचे पैसे भरतोय.’

नदीत घाण सोडणारा म्हणजे कुणीतरी बेपर्वा माणूस, ही समजूत घेऊन त्या दारात गेलो असतो तर दार उघडलं नसतं. सभेत आम्ही फक्त गाद्यांचा फोटो दाखवला.

७ जून

जोडणी बदलली. खर्च इमारतीने केला, खोदलेला रस्ता पालिकेने बुजवला. खोदकामात दगड लागल्याने ठरल्यापेक्षा दुप्पट दिवस लागले. पहिला मोठा पाऊस यायच्या आत झालं हे बरं.

अडसर काढून ठेवला. पुराच्या पाण्यात तो टिकत नाही आणि तुटून पुलात अडकला तर नवंच संकट. पाऊस सुरू व्हायच्या आधी तो काढायची तारीख ठरलेली असावी.

२७ सप्टेंबर

पावसाळ्यानंतरची पहिली पाइप-फेरी, तीन दिवसांच्या उघडिपीनंतर. चार कोरडा. तोंडाशी ओल आहे म्हणून गादी बांधली.

चारच्या खालच्या अंगाला तळ ढवळून नमुनाही घेतला. जाळी प्रवाहात धरायची, वरच्या बाजूला पायाने दगड ढवळायचे, सुटलेले किडे जाळीत येतात, पांढऱ्या ताटात ओतून बघायचे. मार्चमध्ये इथे फक्त लाल अळ्या होत्या. त्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन असतं म्हणून कमी ऑक्सिजनमध्ये त्या टिकतात. आज लाल अळ्या आहेतच, पण चतुराच्या अळ्या मिळाल्या आणि मेफ्लाय या घाण पाण्यात सहसा न टिकणाऱ्या किड्याची दोन पिल्लं, शेपटीचे तीन धागे असलेली, पोटाच्या कडेला कल्ले हलवणारी. ती ताटात दिसली तेव्हा बाईंनी हात धरला माझा. पुराने वरून वाहून आलेली असू शकतात, त्यामुळे मार्चमध्ये त्याच जागी परत बघायचं.

४ ऑक्टोबर

चारची गादी काळी राहिली. सातलाही सवयीने बांधली होती, ती यावेळी चमकली, फिकट पण एकसारखी. सातवर वरच्या अंगाला नवं बांधकाम झालं आहे. उद्यापासून तीन वेळांची बादली मोजणी: सकाळी सात, दुपारी दोन, रात्री नऊ. न ब्लीच केलेला कापूस संपत आला आहे, तो आणायला हवा.